नोंद आढळत नाही

एकेकाळी आमच्या शाळेत निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जूनला असायचा. राज्याच्या सीमेपलीकडे, डिंडोलीतली मराठी माध्यमाची शाळा, पालक बहुतेक खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेले. मुलाचं नाव घालायला यायचे तेव्हा जन्माचा कागद गावाकडे राहिलेला असायचा, किंवा काढलेलाच नसायचा. जन्म कधीचा विचारलं की 'पोळ्याच्या आसपास' असं उत्तर मिळायचं. मग अंदाजाने वर्ष धरायचं आणि तारीख एक जून लिहून मोकळं व्हायचं. माझ्याआधीचे क्लार्क हेच करायचे, मीही तेच केलं.

पुढे रजिस्टरं संगणकावर चढवायचं ठरलं. एका उन्हाळी सुट्टीत मी प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि फोटो बघून बघून सगळी नावं रजिस्टर नंबरासकट टाइप केली. शेवटी यादी साफ करायला बसलो. नाव आणि जन्मतारीख जुळली की डबल नोंद समजून एक ओळ उडवायची, अशी सोय संगणकात होती. मी बटण दाबलं, तीसेक ओळी गेल्या. यादी चकाचक झाली म्हणून मुख्याध्यापकांना मोठ्या तोऱ्यात दाखवलीही.

पुढच्याच पावसाळ्यात खाडीचं पाणी कार्यालयात शिरलं आणि रजिस्टरांचा लगदा झाला. मी निर्धास्त होतो, सगळं संगणकात होतं. कुठून शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या पडताळणीचा ईमेल आला की दाखल्यावरचा रजिस्टर नंबर यादीत शोधायचो आणि दोन मिनिटांत उत्तर पाठवायचो. नंबर सापडला तर 'बरोबर', नाही सापडला तर 'नोंद आढळत नाही'. खोटे दाखले पकडतो याचा मला अभिमानच होता.

गेल्या वर्षी एक मुलगी थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिची सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवड झाली होती. तिथून पडताळणी आली, माझं उत्तर गेलं आणि तिला नोटीस मिळाली: खोटा दाखला दिल्याबद्दल आठ दिवसांत खुलासा करा. तिने दाखला टेबलावर ठेवला.

"सर, हे अक्षर कोणाचं?"

माझंच होतं. खाली 'तयार करणार' म्हणून सहीही माझी.

कपाटातून जुनी हार्ड डिस्क काढली. यादी झाल्यावर फोटो पुसून टाका, असं मुख्याध्यापकांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी ते पुसले नव्हते, पण त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. निव्वळ आळस. तासाभराने पान सापडलं. एकाच पानावर दोन मुली, नाव, वडिलांचं नाव, आडनाव सारखं, आणि दोघींची तारीख अर्थातच एक जून. आईचं नाव वेगळं, गाव वेगळं. त्यांतली दुसरी माझ्यासमोर उभी होती.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तांत्रिक कारणाने नोंद दिसली नाही, असं लिहा. चूक कबूल केली तर शाळेचं नाव जाईल. उद्या कोणी आपल्या दाखल्यावर विश्वास ठेवणार नाही."

माझं डोकं सणकलं. "साहेब, नाव तिचं गेलंय," मी म्हणालो, जरा जास्तच मोठ्याने. "आणि ते मी घालवलंय."

बराच वेळ वाद झाला. अखेर पत्रात सरळ लिहिलं: नोंद शाळेच्या यादीतून चुकून वगळली गेली होती, मूळ पानाचा फोटो सोबत जोडला आहे, चूक शाळेची आहे. मुख्याध्यापकांनी सही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मुलीने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि जाता जाता विचारलं, "सर, आणखी कितीजणांना तुम्ही असं 'नाही' म्हणून लिहिलंय?"

तिची नोकरी वाचली. मला मात्र तो प्रश्न स्वस्थ बसू देईना. पाठवलेले सगळे ईमेल उघडले आणि प्रत्येक 'आढळत नाही' फोटोंशी ताडून पाहिलं. काही दाखले खरंच खोटे होते. पाच खरे निघाले. पाचही पत्रं तयार केली आणि फोन लावत सुटलो. दोघांना दुसरीकडे काम मिळालं होतं, एकीचं लग्न होऊन ती धुळ्याला गेली होती, एकाने मला मनसोक्त शिव्या दिल्या. त्या मी ऐकून घेतल्या.

पाचवा फोन मुलाच्या वडिलांनी उचलला. कडोदऱ्याला लूमवर असतात. मी सगळं सांगितलं. पलीकडे मशीन खडखडत होतं, म्हणून दोनदा सांगितलं.

"साहेब," ते म्हणाले, "तो सांगे, बाबा, मी तठेच शिकेल शे. मी म्हन्तं, शाळा खोटं लिखाव नही. तूच खोटा. घरमाईन काढी दिधा त्याले."

घराबाहेर काढलेल्या त्या मुलाचा नंबर मी मागितला. तो त्यांच्याकडे नव्हता.

"पत्र मन्हा हातमा द्या," ते म्हणाले. "मी धुंडसू त्याले."

दुसऱ्या दिवशी ते कामाची पाळी बुडवून आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. वाचता येत नव्हतं म्हणून पत्र मलाच वाचायला सांगितलं. 'चूक शाळेची आहे' इथवर आलो तसा त्यांनी हात वर केला आणि ती ओळ मला पुन्हा एकदा, जरा मोठ्याने वाचायला लावली.