पाण्यात बसलेला रेडा

राधाबाईंना कोणाचा राग आला की त्या माणसाचं नाव घेत नाहीत, जनावराचं घेतात. परळच्या आमच्या जुन्या चाळीत नळावर कोणी मध्ये घुसली, तर त्या नुसतं "एक होती म्हैस" म्हणायच्या आणि ती बाई आपला हंडा उचलून मुकाट मागे जायची. त्यांचे वडील गावोगाव आंबेडकरी जलसे, गाण्या-सोंगांचे खेळ, करत. जनावराच्या तोंडून बोललं की पाटलाला आपल्याला मारता येत नाही, असं त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं. मारायचं तर त्याला आधी चारचौघांत कबूल करावं लागतं, की तो गाढव मीच. लेकी बोले सुने लागे, ही म्हण बाकीच्यांच्या घरात सासूच्या कामाची असते. राधाबाईंच्या माहेरी ती पोटापाण्याची होती.

मी शैला. त्यांच्या शेजारच्या खोलीत वाढले, आता नव्या इमारतीतही त्यांच्याच मजल्यावर राहते आणि दादरच्या एका शाळेत इतिहास शिकवते. आमचं घर मालवणकडचं, त्यांचं बौद्ध. पण माझी आई गॅसवरचा कुकर त्यांच्या भरवशावर ठेवून बाजारात जायची, यावरून काय ते समजा. हे मी रागाने लिहिते आहे आणि तो राग लपवायचा माझा विचार नाही.

राधाबाई लग्न होऊन चाळीत आल्या तेव्हा त्यांचे यजमान कोंडीराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली तशी कोंडीराम वॉचमन झाले आणि राधाबाई बालवाडीत मदतनीस. पोरांची नाकं पुसायची, खिचडी वाढायची आणि दुपारी गोष्ट सांगून झोपवायचं, हे त्यांचं काम. गोष्ट सांगायची त्यांची एकच अट असे. प्रत्येक वाक्याला कोणीतरी "हूं" म्हणायचं. हुंकार थांबला की त्या थांबायच्या, मग जगबुडी झाली तरी पुढचा शब्द नाही. ऐकणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय सांगणाऱ्याने पुढे जाऊ नये, ही त्यांच्या वडिलांची शिकवण.

मग मालकाशी भांडण लागलं. चाळ पाडून टॉवर बांधायचा आणि आम्हाला कुठेतरी खाडीपलीकडे फेकायचं, असा त्याचा बेत होता. आम्ही हलेना म्हणून त्याने पंप बंद केला. उन्हाळ्यात, पोराबाळांच्या घरांचं पाणी तोडलं. त्या वेळी पुढे झाला तो नाना. तळमजल्यावरचा नाना, कुरिअर कंपनीत कामाला, तोवर त्याला कोणी विचारत नव्हतं. त्याने फाटकावर बैठक बसवली, मालकाच्या माणसांच्या काठ्या खाल्ल्या, त्याचं डोकं फुटलं आणि पट्टी बांधून तो पुन्हा तिथेच येऊन बसला. हे खरं आहे आणि मी ते कधी नाकारणार नाही. कोंडीरामही त्याच्या शेजारी बसायचे, दमा असूनही.

फाटकावर दिवसचे दिवस बसायचं तर बायका कंटाळतात. राधाबाईंनी गोष्ट सुरू केली. एका पाणवठ्यात मगर राहते, पाणी माझं म्हणते, प्यायचं तर माझ्या दाढेपुढून तोंड न्या म्हणते. शेवटी रेडा पुढे होतो, शिंगावर घाव घेतो, गाढव पाठीवरून दगड वाहतं, शेळ्या लाथा झाडतात आणि मगर पळते. पाणी सगळ्यांचं होतं. हुंकार द्यायला पुढ्यात कोण, तर नाना. त्याचा आवाज घुमायचा. "रेडा म्हंजे मीच ना हो मावशी?" असं तो अभिमानाने विचारायचा. राधाबाई नुसत्या हसायच्या.

आम्ही जिंकलो. मालकाला माघार घ्यावी लागली, आमची सोसायटी झाली, आमच्या अटींवर इमारत उभी राहिली. त्यातली एक अट बायकांनी हट्टाने घालून घेतली होती. तळमजल्यावर एक हॉल, सगळ्यांचा. चाळीत अंगण होतं. साखरपुडा तिथे, रविवारची वंदना तिथे, हळदीकुंकू तिथे आणि माणूस गेलं की शेवटचं तिथेच. टॉवरमध्ये अंगण कुठून आणणार? तेव्हा निदान हॉल. नानाने फाटकावर उभं राहून शब्द दिला होता.

नाना अध्यक्ष झाला. हॉलमध्ये आधी एक टेबल आलं, कागदपत्रं ठेवायला म्हणून. मग सोफा, मग एसी, मग काचेचं दार. मग दारावर पाटी लागली, 'संपर्क कार्यालय', आणि आत कोणा कोणा साहेबांबरोबर नानाचे हात जोडलेले फोटो. आम्ही विचारलं की तो म्हणायचा, "टेन्शन नका घेऊ, टेम्पररी आहे." निवडणूक दर वेळी बिनविरोध, कारण उभं राहील त्याच्या घरातला लीकेज वर्षभर दुरुस्त होत नसे. आणि आम्ही काय करत होतो? जाऊ दे म्हणत होतो. बिचाऱ्याने डोकं फोडून घेतलंय, म्हणत होतो.

गेल्या थंडीत कोंडीराम गेले. घरात त्यांना ठेवायला जागा नव्हती, म्हणून हॉल उघडायला सांगायला मीच गेले. नाना सोफ्यावर बसून फोनवर बोलत होता. बोलणं आटोपून तो म्हणाला, "अगं शैला, आज साहेब येणारेत, मीटिंग आहे. पार्किंगमध्ये ठेवा ना, तिकडे हवा पण आहे." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला खरंच काही वाटत नव्हतं.

ज्या माणसाने पाण्यासाठी दम्यासकट रस्त्यावर बसून दिवस काढले, त्याला आम्ही दोन गाड्यांच्या मध्ये चटईवर ठेवलं. मेणबत्त्या विझत होत्या. त्रिसरण-पंचशील चालू असताना वॉचमन येऊन म्हणाला, साहेबांच्या गाडीला जागा करायची आहे, जरा सरकवता का? आम्ही सरकवलं. राधाबाईंनी नवऱ्याच्या पायावरची चादर नीट केली.

त्यानंतर त्यांनी नानाकडे एकच मागणं लावून धरलं. हॉल मोकळा कर. माझं झालं ते झालं, पुढच्या माणसाला पार्किंगमध्ये ठेवू नका. त्या रोज जायच्या, काचेच्या दाराबाहेर उभ्या राहायच्या. नाना आतून "बसा ना मावशी, चहा घ्या" म्हणायचा आणि विषय बदलायचा. कमिटीतल्या एकाने तर त्यांना समजावलं, की अध्यक्षांच्या मागे असं लागणं बरं दिसत नाही, म्हाताऱ्या माणसाने नाव जपावं. नाव! नवऱ्याचं प्रेत सरकवून घेतलेल्या बाईला हे नाव जपायला सांगत होते.

मी नववीच्या मुलांना फ्रेंच राज्यक्रांती शिकवते. राजाचं डोकं उडवलं आणि अकरा वर्षांत नवा सम्राट डोक्यावर घेतला, हे पुस्तकात चार ओळींत उरकतं. रशियात झार गेला आणि त्याच्या महालांतून नवे हुकूम सुटू लागले, तेही तसंच. मुलं विचारतात, टीचर, लोक इतके मूर्ख कसे? मी कारणं सांगते, युद्ध, भूक, टंचाई. खरं कारण मला आमच्या तळमजल्यावर दिसलं. जो आपल्यासाठी रक्त सांडतो, त्याला ऊठ म्हणायची आपल्याला लाज वाटते.

दर वर्षी मार्चमध्ये आम्ही विजय दिन करतो. इमारतीपुढे खुर्च्या, स्टेज, नाश्ता. राधाबाईंची मगरीची गोष्ट ठरलेली आणि हुंकार द्यायला नाना ठरलेला. यंदा त्याने स्वतःसाठी कॉर्डलेस माइक मागवला होता. मागच्या फ्लेक्सवर मगरीच्या छातीवर पाय ठेवलेला रेडा आणि बाजूला त्याचा स्वतःचा फोटो, गॉगलसकट. राधाबाई स्टेजवर चढताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "गोष्ट जरा वाढलीय बाय." एवढंच.

पहिला भाग नेहमीसारखा झाला. मगर पळाली, टाळ्या पडल्या. राधाबाई हलल्या नाहीत.

"मगर गेली," त्या म्हणाल्या.

"हूं," नाना स्पीकरमधून घुमला. त्याला वाटलं, टाळ्यांमुळे त्या तेच वाक्य पुन्हा घेत आहेत.

"रेडा म्हणाला, मी जरा पाण्यात बसतो. राखण करतो."

"हूं."

"शेळ्या म्हणाल्या, बसू दे. शिंगाला लागलंय त्याच्या."

"हूं."

"रेडा एकदा पाण्यात बसला की उठतो होय?"

मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी फिसकन हसलं. नानाही हसला आणि सवयीने म्हणाला, "हूं."

"पाणी गढूळ झालं. शेळी म्हणाली, दादा, जरा ऊठ, पिल्लं तहानलीत. रेडा म्हणाला, मी उठलो तर मगर येईल."

हुंकार आला नाही. नानाचा माइक तोंडापासून खाली आला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या संध्याकाळी त्याच्या चेहऱ्यावर उगवताना पाहिलं. राधाबाई थांबल्या. नियम म्हणजे नियम. तो गप्प बसला की गोष्ट संपली, हे त्याला बरोबर ठाऊक होतं, आणि तो गप्पच बसला. डेकोरेटरचा पोऱ्या नाश्त्याचे बॉक्स उचलू लागला. सोसायटीतली एवढी माणसं, कोणाच्या तोंडून एक अक्षर फुटेना. मला वाटलं, गेली आता गोष्ट, आणि हॉलही गेला.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला, "हूं."

रमाबाई, नानाची बायको. ती मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती, पण आवाज स्वच्छ होता. फाटकावरच्या दिवसांत सगळ्यांच्या भाकऱ्या तिनेच थापल्या होत्या. कोंडीराम गेले त्या दिवशी वरून गुपचूप मेणबत्त्यांचं पाकीटही तिनेच पाठवलं होतं.

"दगड वाहिलेलं गाढव मेलं," राधाबाई म्हणाल्या.

"हूं," आता बऱ्याच जणी म्हणाल्या.

"जनावरं म्हणाली, त्याला शेवटचं पाण्यापाशी ठेवू. रेडा म्हणाला, आज पाहुणे यायचेत, तिकडे उकिरड्याकडे ठेवा."

या वेळी सगळ्यांनी हुंकार दिला. पुरुषांनीही. वॉचमननेही दिला, मी त्याला पाहिलं.

"मग?" कोणीतरी विचारलं.

"मग काय? गोष्ट इथवरच आलीय," राधाबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

नाना शहाणा असता तर तिथे गप्प बसता. जनावराच्या गोष्टीत रागवायची सोय नसते, हे त्याला कळायला हवं होतं. पण माइक हातात होता आणि इतक्या वर्षांची सवय. तो उठून म्हणाला, "गोष्ट छान आहे. पण एक लक्षात ठेवा. मी त्या ऑफिसात बसलोय म्हणून बिल्डर इकडे फिरकत नाही. उद्या मी उठलो तर..."

पुढचं कोणाला ऐकू आलंच नाही. सगळी इमारत हसत होती. कोणी शिवी दिली नाही, खुर्ची फेकली नाही. काठ्यांनी न हललेला माणूस त्या हसण्यापुढे उभा राहू शकला नाही. माझं मात्र हसू मध्येच विरलं. फुटक्या डोक्याचा नाना मला आठवला आणि उलट जास्तच राग आला, की अशा माणसाला आम्ही असं होऊ दिलंच कसं.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. सोफा आणि फोटो त्याचीच माणसं घेऊन गेली. संध्याकाळी रमाबाई हॉलची चावी घेऊन खाली आली. आम्ही बायका तिथे झाडत होतो. "नको ही माझ्या घरात," ती म्हणाली आणि चावी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून निघून गेली.

आता चावी ठेवायची कोणाकडे? कोणी विचार करायलाही थांबलं नाही. मावशींकडे, आणखी कोणाकडे! त्यांच्याइतकं सोसलंय कोणी? त्यांच्याइतकं स्वच्छ आहे कोण? सगळ्या एकदम बोलत होत्या. मीही बोलत होते. एकीने चावी उचलून राधाबाईंच्या मुठीत कोंबली आणि पाया पडायला वाकली.

राधाबाईंनी तिला खांद्याला धरून उभी केली. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं, पार्किंगमधल्या त्या दिवशीही नाही.

"काल काय ऐकलंत गं तुम्ही?" त्या म्हणाल्या. "एक उठला नाही तोवर दुसऱ्याला पाण्यात बसवताय? मी काय वेगळी आहे? बसले की मलापण गार वाटणार."

त्यांनी धनेशला हाक मारली. हा आमच्या वरच्या मजल्यावरचा सुतारकाम करणारा. त्याला त्यांनी दाराचं कुलूप काढायला सांगितलं, कडीसकट. तो म्हणाला, "मावशी, उघडं दार म्हणजे कोणीपण घुसेल."

"घुसू दे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं आहे ना? मग सगळ्यांनी राखा. रोज."

धनेश स्क्रू काढत होता आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो, कारण रोज म्हणजे काय, ते आमच्या लक्षात यायला लागलं होतं.