लेकीच्या वाक्यांचे पत्ते

दुसऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेणं हे माझं पोटापाण्याचं काम. नागपूरच्या कोर्टात मी स्टेनो आहे. साक्षीदार बोलला ते कागदावर यायला पाहिजे, त्याचा अर्थ लावायला जजसाहेब बसलेले असतात. तेरा वर्षं हेच केल्यामुळे मला एक वाईट खोड लागली आहे. घरातही कोणी काही म्हटलं की मी विचारते, कधी? कुठे? तेव्हा तिथे अजून कोण होतं? नवरा वैतागून म्हणतो, "अवं, मी आरोपी आहे का?"

त्यामुळे माझ्या लेकीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा रडू यायच्या आधी मला राग आला. पोरगी साडेपाच वर्षांची, रिपोर्ट चार पानांचा, आणि एका शब्दाची व्याख्या दिलेली नाही. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. इकोलॅलिया. स्टिमिंग. सेन्सरी. मेल्टडाउन. असा कागद आमच्या साहेबांनी उभ्या उभ्या परत पाठवला असता. त्यातल्या त्यात 'स्वमग्न' या शब्दाशी माझं पहिल्या दिवसापासून वाकडं आहे. ही पोरगी स्वतःतच मग्न आहे हे कोणी ठरवलं, आणि तिला विचारून ठरवलं का?

राग गेला तो थेरपीच्या मॅडममुळे. बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटपासून दहा मिनिटांवर त्यांचं सेंटर आहे. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण माझ्या प्रश्नांना न कंटाळणारी ही पहिलीच बाई मला भेटली. मी वही उघडून एकेक शब्द विचारायचे आणि त्या सांगायच्या. स्टिमिंग म्हणजे जिवाला बरं वाटावं म्हणून तीच ती हालचाल करत राहणं. पोरगी डोळ्यांसमोर बोटं नाचवते ते स्टिमिंग. "तुम्ही मघापासून पेनाचं टोपण काढताय-लावताय, ते पण तेच," असं त्या म्हणाल्या आणि मी टोपण खाली ठेवलं. मेल्टडाउन म्हणजे हट्ट नव्हे. हट्ट करणारं लेकरू मधून मधून बघतं, कोणी पाहतंय की नाही. मेल्टडाउनमध्ये ते भानच नसतं, सगळं सहन होण्यापलीकडे गेलेलं असतं. सासूबाईंना हे घरी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजे तुह्या नवऱ्याचे लहानपणी हट्टच होते. बरोबर पाहे तो माह्याकडे."

मग आला इकोलॅलिया. ऐकलेलं तसंच परत म्हणणं. माझी लेक स्वतःचं वाक्य करत नसे. कुठूनतरी ऐकलेली अख्खी वाक्यं, त्याच चालीत, भलत्याच वेळी म्हणायची. आम्ही सगळ्यांनी तिला पोपट ठरवून टाकलं होतं. मॅडम म्हणाल्या, "पोपट नाही. तिच्याकडे सुटे शब्द नाहीत, तयार वाक्यं आहेत. ते वाक्य तिने पहिल्यांदा कुठे ऐकलं, तेव्हा काय चाललं होतं, ते शोधा. वाक्याचा पत्ता सापडला की अर्थ सापडतो."

माझ्या अंगावर काटा आला. कधी, कुठे, कोण होतं! माझी खोड शेवटी कामाला येणार होती. त्या आनंदात मी पर्स सेंटरमध्ये विसरून आले, आणि ते मला संध्याकाळी दूधवाल्यासमोर कळलं.

दुसऱ्याच दिवसापासून मी वही सुरू केली. पोरीचं वाक्य, जागा, वेळ, आणि शेवटी 'आधी काय झालं'. आपल्या मनाचं काही लिहायचं नाही, हा कोर्टाचा नियम घरीही लागू. सासूबाई आणि नवरा दोघांनाही ताकीद दिली होती.

पहिला पत्ता आठवड्याभरात लागला. पोरगी दिवसातून चारदा कोणाच्याही समोर उभी राहून म्हणायची, "झालं का वं तुह्यं?" आम्ही म्हणायचो, हो झालं बाई, आणि थोड्या वेळात तिची चड्डी ओली. वहीत तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करत होते आणि बाहेरून सासूबाईंनी दार ठोठावलं, "झालं का वं तुह्यं?" मी साबणाच्या हाताने दार उघडून ओरडले, "आई, सापडलं!" त्या बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं पाल सापडली. पोरीला बाथरूमला जायचं असलं की ती बाथरूमसमोर ऐकलेलं वाक्य म्हणत होती. अगदी बरोबर म्हणत होती. चुकत होतो आम्ही.

मग तर मला चटकच लागली. मेट्रोमधलं "दरवाजे डाव्या बाजूला उघडतील" हे वाक्य म्हणजे मला इथून निघायचंय. माझ्या मामेभावाच्या लग्नात पंगत बसायच्या आतच तिने ते तीनदा जाहीर केलं, आणि खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. लिफ्टमधलं "कृपया दरवाजा बंद कीजिए" म्हणजे आवाज फार झाला. हिंगण्याच्या कंपनीतून नवरा शिफ्ट संपवून आला की सासूबाई म्हणायच्या, "आला का गा, दमला असशीन." पोरगी झोप आली की डोळे चोळत हेच स्वतःला म्हणायची. रोज एक नवा पत्ता. मला सकाळी उठायला उशीर होईना, पोरीने तोंड उघडायची वाट बघत मी आधीच जागी असायचे.

आणि मग फेब्रुवारीत ते वाक्य आलं.

"घेऊन जाय गे मारबत!"

नागपूरच्या माणसाला मारबत सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी, बाईच्या रूपातले दोन मोठाले पुतळे. हजारो लोक त्यांच्यापुढे ओरडतात की रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा. शेवटी गावाबाहेर नेऊन पुतळे जाळतात. गेल्या वर्षी आम्ही पोरीला घेऊन गेलो होतो. आता फेब्रुवारीत, मिरवणूक होऊन पाच-सहा महिने झाल्यावर, ती अचानक कानांवर दोन्ही हात दाबून हे म्हणायला लागली. म्हणायची आणि डोकं भिंतीवर आपटायची. शाळेत एका मुलीला चावली. खाणं कमी झालं. गालांची हाडं दिसायला लागली.

सासूबाईंनी हाय खाल्ली. "काहून वं, पोरगी घरात मारबतीले बोलावून राहिली? बिनवक्ताचं असं म्हनू नये." त्यांनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मी त्यांना हसले, आणि माझं शहाणपण काय तर, मी ठरवून टाकलं की पत्ता सोपा आहे. मारबत म्हणजे ढोल, गर्दी, कानठळ्या. कानांवर हात आहेतच. म्हणजे आवाज सहन होत नाही. मी कान झाकायचे मोठे हेडफोन आणले, मिक्सर बंद केला, टीव्ही बंद केला. घर असं चिडीचूप झालं की सासूबाई भाजीसुद्धा कुजबुजत मागायच्या. पोरीने हेडफोन फेकून दिले.

शाळेतून बोलावणं आलं. बाई वाईट नव्हत्या, पण स्पष्ट म्हणाल्या की चावणं आणि डोकं आपटणं थांबेपर्यंत तिला घरीच ठेवा. पंधरा दिवस बघू, नाहीतर पुढच्या वर्षी जागा देणं कठीण आहे. घरी येताना स्कूटीवर पोरगी माझ्या पाठीला गाल लावून तेच म्हणत राहिली. मोठमोठे शब्द शिकून बसले होते मी, आणि माझ्या लेकीला काय होतंय ते मला माहीत नव्हतं.

उलगडा झाला तो कोर्टात, जेवणाच्या सुट्टीत. डबा उघडला होता आणि शेजारी वही. माझ्याच साहेबांचं एक बोलणं आठवलं. ते नव्या वकिलांना नेहमी सांगतात, आधी ठरवून मग साक्ष वाचू नका. मी नेमकं तेच केलं होतं. 'आवाज' असं मनाशी ठरवून मोकळी झाले होते. मी 'आधी काय झालं' एवढंच वाचायला घेतलं, वरून खाली, ओळीने.

माठातलं पाणी प्यायली. पोळीचा तुकडा चावला. दात घासायला घेतले. बर्फाचा गोळा, दोन घास. पोळी. पाणी. दात घासायला घेतले.

आवाज कुठेच नव्हता. प्रत्येक ओळीत तोंड होतं!

मी ताडकन उठले आणि डबा खाली गेला. शेजारची क्लर्क विचारते आहे, काय झालं वं, आणि मी वरणाने भिजलेल्या साडीत नवऱ्याला फोन लावते आहे. "अहो, दात! तिचा दात दुखतोय! मारबत म्हणजे दुखतंय!" कंपनीत मशीनच्या घरघरीत त्याला ऐकू येईना. मी इतक्या जोरात ओरडले की जिन्यावरचा पोलीस वर बघायला लागला. मी साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारलं तेव्हा दाढ म्हणाले आणि हसले. साहेबांना माझा दात दुखतोय असं वाटलं असणार, पण हसणं कसं जमलं याचं त्यांना कोडं पडलं असेल.

लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांनी फार धीराने पाहिलं. मागची दाढ आतून किडलेली, मुळाशी पू. "कानापर्यंत कळ जात असेल," डॉक्टर म्हणाले. म्हणून ते कानांवरचे हात. मोठं माणूस दोन दिवस काढू शकलं नसतं ते हिने महिनाभर काढलं होतं. काढलं कसलं, रोज सांगत होती, आम्हाला समजत नव्हतं. दाढ काढली. तिसऱ्या दिवशी पोरीने दोन पोळ्या खाल्ल्या आणि सासूबाईंनी पदराने डोळे पुसत तिसरी वाढली. पंधरा दिवस संपायच्या आत ती शाळेत गेली. मला गच्चीवर जाऊन सगळ्या बेसाला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. आम्ही दोघी कॉलेजातल्या पोरींसारख्या ओरडत होतो. मग बसल्यावर त्यांनीच विचारलं, "पण दुखण्यासाठी हेच वाक्य काहून? मिरवणुकीच्या दिवशी तिचं काही दुखत होतं?" नाही. मला आठवत होतं, त्या दिवशी पोरगी मजेत होती, बापाच्या खांद्यावर बसून बोटं नाचवत. "मग पत्ता अजून अर्धाच लागलाय," त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरात नवऱ्याचा मोबाईल घेऊन बसले. मिरवणुकीचा व्हिडिओ त्यात होता, आणि तो मी कधी पाहिला नव्हता. मिरवणुकीला गेलो तेव्हा रिपोर्ट हातात येऊन चारच दिवस झाले होते. नवऱ्याने एका हाताने पोरीचे पाय धरून दुसऱ्या हाताने तो काढलेला. पिवळी मारबत डुलत येते, लोक ओरडतात, कोणी खड्डे घेऊन जा म्हणतं, कोणी वीजबिल. लोक हसतात. आणि मग अगदी जवळून एका बाईचा आवाज येतो, चिरकलेला, गर्दीतला एकही आवाज तसा नाही. "घेऊन जाय गे मारबत! माह्या पोरीचं हे सारं घेऊन जाय!"

तो आवाज माझा होता.

मी मनात म्हटलं असं मला वाटत होतं. मी तोंडाने ओरडले होते, आणि रडत होते. कॅमेरा आमच्याकडे वळतो तेव्हा दिसतं की सगळी गर्दी मारबतीकडे बघते आहे. पोरगी तेवढी बघत नाही. तिची बोटं थांबली आहेत आणि ती वरून वाकून माझ्या तोंडाकडे बघते आहे. महिनाभर वाक्य लिहून घेतलं होतं मी, शब्दन् शब्द, पण ते ज्या चिरक्या आवाजात ती म्हणायची तो आवाज काही मी लिहिला नव्हता. कागदावर तो येतच नाही. नाहीतर स्वतःचा आवाज मला पहिल्याच दिवशी ओळखू आला असता.

तिला कोणी शिकवलं नव्हतं. खूप दुखलं की माणूस हे म्हणतं, हे तिने माझ्याकडे बघून ठरवलं होतं. आणि दुखत होतं मला तिच्यामुळेच, हे तिला कळलं असेल का, या विचाराने मी ओट्याला पाठ टेकून, खाली बसल्या बसल्या रडायला लागले.

ती कधी आली कळलं नाही. पायांशी उभी राहून तिने माझ्या गालाला हात लावला, तिची दाढ दुखायची तिथेच, आणि म्हणाली. मी डोळे पुसले आणि वही ओढली. नियम तो नियम.

वाक्य: घेऊन जाय गे मारबत. जागा: स्वयंपाकघर. वेळ: दुपारी सव्वातीन. आधी काय झालं: आई रडत होती.