चौथ्या भागातलं लग्न

“ती मडम गोऱ्यांच्या मुलखातली, तरी तिनं न्हाय केलं दुसरं लग्न. आणि मी करू व्हय?”

काकू स्वयंपाकघरात हे म्हणाली तेव्हा मी पलीकडच्या खोलीत त्याच मडमेच्या गोष्टीचा सहावा भाग वाचत बसले होते. त्या भागात मडम तिच्या दुसऱ्या नवऱ्याबरोबर सुखाने संसार करत होती.

“कोण मडम, आक्का?” काकूच्या धाकट्या भावाने विचारलं. तो सकाळीच गडहिंग्लजहून आला होता, तिच्यासाठी मुरगूडच्या एका कापडदुकानदाराचं स्थळ घेऊन.

“हाय एक. तुला न्हाय कळायचं.”

“मग मुरगूडच्या पावण्यास्नी काय सांगू? आमची आक्का मडमेला इचारून कळवती म्हणून?”

आई हसली. काकूही हसली असावी. मी पान उघडं ठेवून तशीच बसले. वाचलेली ओळ पुन्हा वाचली, पुन्हा वाचली, डोक्यात काही शिरेना.

काकांना जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. काकू तिशीतली, मूलबाळ नाही. काका गेल्यावर ती माहेरी गेली नाही, आमच्याकडेच राहिली. बायका तिच्याकडे साड्या आणून द्यायच्या आणि ती घरी बसून फॉल लावून द्यायची. नव्वदचं दशक सरत आलं होतं, माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. घरातली शांत खोली तिची, म्हणून मी पुस्तक घेऊन तिथे जाऊन बसायचे. मी फारशी बोलत नसे. पाहुणे आले की आईला विचारायचे, “पोरगी इंग्रजी शाळेत घातल्यापास्नं मुकी झाली काय?” काकूने मात्र असलं कधी विचारलं नाही. एक दिवस सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, “काय हाय त्यात येवढं? मला पन सांग की.”

पुस्तक राजारामपुरीतल्या एका लायब्ररीतून आणलेलं होतं. अकरा भागांची इंग्रजी मालिका. वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, कारण मूळ कव्हरवरच्या माणसाच्या सदऱ्याला गुंड्या नव्हत्या. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा समुद्रकाठचा एक गाव. तिथल्या जमीनदार ड्यूकची सून. पहिल्याच भागात तिचा नवरा लढाईत मरतो आणि मिठागरांचा सगळा कारभार तिच्यावर पडतो. मी रोज दुपारी थोडं थोडं सांगायला लागले. ड्यूकला इनामदार केलं, त्याच्या वकिलाला दिवाणजी. नायिकेचं नाव काकूच्या तोंडात बसेना, म्हणून ती नुसती मडम. घोडे शिकवणारा जो नायक होता, तो घोडेवाला.

“तिकडं ऊस लावत न्हाईत?” काकू विचारायची.

“थंडी असते काकू. नाही होत.”

“मग काय खात असतील बिचारी.”

अडचण दुसरीच होती. त्या दोघांच्या जवळिकीचं वर्णन मी इंग्रजीत सरळ वाचून जायचे, मला काही वाटायचं नाही. तेच मराठीत सांगायची वेळ आली की माझ्याकडे शब्दच नसायचे. जे होते ते सिनेमाच्या गाण्यांतले, नाहीतर गल्लीच्या कोपऱ्यावर पोरं म्हणायची तसले. मग मी म्हणायचे, “नंतर ते दोघं बराच वेळ बोलत बसले.”

“लई बोलत्यात गं ही मानसं,” काकू म्हणायची.

तिथपर्यंत ते फक्त लाजणं होतं. चौथ्या भागात ते लाजण्याच्या पुढे गेलं. त्या दुपारी आईही खोलीत तांदूळ निवडत बसली होती. दोनच दिवस आधी शेजारी एक साखरपुडा झाला होता. तिथे कुणीतरी कुठल्यातरी विधवा मुलीच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला आणि एक म्हातारी ठणकावून म्हणाली, “आपल्यात पाट लावत न्हाईत.” तेव्हा काकू हातात चहाचा ट्रे घेऊन तिच्या शेजारीच उभी होती. तिने म्हातारीला कप दिला आणि पुढे गेली. ते माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि इकडे पुस्तकात घोडेवाला मडमेला मागणी घालत होता. पुढच्याच पानावर चर्चमध्ये त्यांचं लग्न होतं. मी काकूकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, “तिनं नाही म्हणून सांगितलं.”

काकूची सुई थांबली.

“मग त्यो गेला?”

“नाही. तिथंच राहिला. भावासारखा.”

“असं व्हय,” ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

तिला बरं वाटलं, असं मी तेव्हा धरून चालले. विधवेपुढे दुसऱ्या लग्नाचा विषय काढला नाही, म्हणजे आपण फार समजूतदारपणे वागलो, असंही वाटलं. त्यानंतर खोटं सांभाळत बसावं लागलं. पाचव्या भागात मडम दुसऱ्या एका सरदाराबरोबर नाचते तेव्हा घोडेवाला जळफळतो. मानलेल्या भावाला एवढा राग का यावा, असं काकूने विचारलं. मी म्हटलं, “स्वभाव.” संध्याकाळी गच्चीत बसून तेच प्रसंग मी एकटी, पुन्हा, सावकाश वाचायचे. ताटातलं चांगलं चांगलं स्वतः खाऊन तिला उरलेलं वाढावं तसं ते होतं. आणि खरं सांगायचं तर तेही मला आवडत होतं.

आता स्वयंपाकघरात भाऊ बोलत होता. माणूस बरा आहे. त्याची बायको वारली, एक लहान मुलगी आहे. आक्काच्या शिवणकामाला त्याची ना नाही, उलट दुकानातच मशीन टाकू म्हणतो.

“आमची काही आडकाठी नाही,” आई म्हणाली. “ह्यांनीही सकाळी तेच सांगितलंय. तुझं तू ठरव.”

“लोक काय म्हनतील, वहिनी?”

“लोक चार दिस बोलत्यात आक्का, पाचव्या दिशी त्यास्नी दुसरं कोनतरी गावतंय.”

काकूने हळूच विचारलं, “पोरगी केवढी हाय म्हनालास?”

“पहिलीत जाती आता. केस लांब हाईत, बापाला येनी घालाय येत न्हाय. शेजारीन घालती.”

मी मनात म्हणत होते, हो म्हण, हो म्हण. म्हणजे मला काही करावं लागणार नाही.

“न्हाय,” काकू म्हणाली. “घडी बसलीया, ती बसू दे. सांग जाऊन त्यास्नी.”

भावाने पिशवी उचलल्याचा आवाज आला. बाहेर पायरीवर जाऊन तो चपला घालू लागला. आई त्याला म्हणत होती, चहा तरी घेऊन जा. तो म्हणाला, एसटी जाईल.

एका गोष्टीवरून कुणी आयुष्य ठरवत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. ती थट्टेत म्हणाली असेल. तिची कारणं तिला ठाऊक. पण मडम तिला मी दिली होती, आणि ज्या जागी मडमेने ‘हो’ म्हणायचं, तिथे ‘नाही’ मी घातलं होतं. काकूला आधार हवा होता, तेव्हा तिच्या हाताला माझं ते ‘नाही’ लागलं. ती म्हातारी निदान तोंडावर तरी बोलली होती.

मी उठले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. काकू ओट्याकडे तोंड करून धुतलेल्या कपबशाच पुन्हा धूत होती.

“काय गं?” आई म्हणाली. “चहा हवाय तुला?”

दारातून भावानेही आत पाहिलं. एक चप्पल पायात, एक तशीच. तिघांसमोर एकदम मी त्या घरात कधी बोलले नव्हते. त्यात सगळं वाक्य मराठीत म्हणायचं होतं.

“काकू,” मी म्हणाले, “मडमेनं केलं की लग्न. त्या घोडेवाल्याशीच. चौथ्या भागातच केलं, मला तुझ्यासमोर म्हणता आलं नाही.”