सुकेळीची चटणी

आधीच माफी मागतो. मला लिहायची सवय नाही, आणि प्रभामावशीबद्दल लिहायचा हक्क मला आहे का, याचीही खात्री नाही. तिला जाऊन सहा आठवडे झाले. आमच्या फ्रिजमध्ये एक छोटी बरणी आहे, ती अजून कुणी उघडलेली नाही... त्या बरणीबद्दल कुणाला तरी सांगितलं पाहिजे.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. भुईगावात तिची केळीची वाडी, आम्ही मनवेलपाड्याच्या चाळीत. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून औषधाच्या पाकिटापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळं मला विचारलं जाई. मावशीला तर त्याचं फार कौतुक. "थांबा, आमचा सुजित सायन्सला आहे," असं ती शेजारणींना सांगायची आणि मी उगाच ताठ बसायचो.

तिला मधुमेह निघाला आणि गोड बंद झालं. कैरीच्या आंबटगोड चटणीशिवाय तिला भाकरी जायची नाही. "साखर माझ्या अंगातच आहे, बरणीत आणखी कशाला?" म्हणत तिने उपाय शोधला. वाडीतली राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी दरवर्षी व्हायचीच. तीच भिजवून तिने पाट्यावर वाटली आणि कैरीच्या किसात घातली, वर मीठ-मिरची. साखरेचा दाणा नाही. काका बोटं चाटत म्हणाले, "आजारी पडलीस ते बरंच झालं." "मेल्यावर याहून चांगली करीन," ती म्हणाली. सगळे हसले.

मी हसलो नाही. त्याच आठवड्यात वर्गात शिकवलेलं डोक्यात होतं. म्हणालो, "मावशी, सुकेळीतपण साखरच असते. वाळल्यावर तर आणखी दाट."

तिचा हात ताटातच थांबला. "मग आता तूच सांग, मी खाऊ काय?"

तिने बरणीला फडकं बांधलं आणि ती वरच्या फळीवर ठेवून दिली. मी खोटं बोललो नव्हतो... पण जे बोललो ते अर्धं होतं. पुढे कधीही गेलो, की ती नुसता कैरीचा कीस मिठाबरोबर खाताना दिसे. डोळे मिटून, तोंड वाकडं करून. आणि वर अभिमानाने, "सुजितने सांगितलंय ना!"

शेवटी कॉलेजातल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मावशी किती खातात, ते विचारलंस का?" मला ते सुचलंच नव्हतं. जेवणाबरोबर चमचाभर चालतही असेल, त्यांच्या डॉक्टरांना विचार, असं त्या म्हणाल्या. मग मी घरी चटणी करून बघितली, दोन कैऱ्यांना एकच सुकेळी. दोनदा बिघडली. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "ताईच्या हातची नाही, पण जवळ आलास." छोटी बरणी भरून ठेवली. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण चूक कबूल करायची लाज वाटत होती. म्हटलं, परीक्षा संपली की समोर बसून सांगू.

मधेच ताप येऊन मावशीला दवाखान्यात ठेवलं. दोन दिवसांत घरी येईल, असंच सगळे म्हणत होते. शेवटच्या पेपरला माझा फोन बॅगेत बंद होता. बाहेर येऊन सुरू केला, तर पल्लवीताईचा, मावशीच्या मुलीचा, मेसेज: "आईच्या तोंडाला चव नाही, सुकेळीची चटणी मागतेय. डॉक्टर म्हणाले, चमचाभर द्या. पण ती घेत नाही. म्हणते, आधी सुजितला विचार."

मेसेज येऊन दोन तास झाले होते. गेटजवळच उभं राहून मी लिहिलं, "चालेल. माझंच चुकलं होतं. मी करून ठेवलीय, घेऊन येतो."

धावत घरी आलो. बरणी पिशवीत घातली. चपला घालत होतो, तेव्हा ताईचा फोन आला.

"सुजित, आता धावत येऊ नकोस," ती म्हणाली. "आई गेली."