जपलेलं मनगट

डॉक्टरांनी दोन्ही तळवे छातीपुढे जुळवायला सांगितले, वणक्कम करतात तसे. जुळवले. आता कोपरं वर उचला, म्हणाले. उजवं कोपर जरासं वर गेलं आणि तळव्यांच्या मुळाशी फट पडली. मी बोटं घट्ट दाबून ती मिटवू पाहिली, हा शुद्ध बावळटपणा.

मग त्यांनी कोन मोजायची पट्टी लावली. डावं मनगट मागे सहज वळलं, उजवं जेमतेम हललं. त्यांनी हलकेच दाबून पाहिलं तरी ते तिथेच अडून राहिलं. प्लास्टर काढून तीन महिने झाले होते. व्यायाम कधी सुरू केलेत, त्यांनी विचारलं.

मी काहीतरी थाप शोधत होते, तेवढ्यात शेजारी बसलेल्या सासूबाईंनी तमिळमध्ये कौतुकानं सांगून टाकलं, की सुनेला त्यांनी साधा चमचासुद्धा उचलू दिलेला नाही. मग डॉक्टर सासूबाईंना कळू नये म्हणून माझ्याशी इंग्रजीत बोलले. आता व्यायामानं थोडा फरक पडेल, पण मनगट पूर्ववत होणार नाही. कामावर जायचा दाखला ते देऊ शकत नव्हते. मी गाड्यांच्या कारखान्यात आहे. दाराच्या पोकळीत हात घालून, मनगट मुरडून वायरी खोचायच्या, हे माझं काम. होतं म्हणायला हवं आता.

सासूबाईंवर, माझ्या अम्मांवर, चिडायची सोय नाही. तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या तंजावरी घरात पाच वर्षं मी 'तिकडची' होते. त्यांच्या जुन्या वळणाच्या तंजावरी मराठीपुढे माझी मराठीही त्यांना परकी वाटायची. स्कूटरवरून पडले, मनगट मोडलं आणि त्या मला रसम-भात भरवू लागल्या, माझी वेणी घालू लागल्या. प्लास्टर काढताना दवाखान्यातून मिळालेला व्यायामाचा कागद मीच कपाटात ठेवून दिला. हात वळवला की दुखायचं, आणि त्यांच्या हातचा घास मला हवा होता. इतकी मोठी बाई, लाडाला हपापलेली. माझी मलाच शिसारी येते.

बाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, काय म्हणाले? सगळं ठीक आहे, म्हटलं.

"मी जपलं म्हणून वाचला तुझा हात," अम्मा म्हणाल्या.

मी हो म्हणाले. ऑटोत त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला, हलू नये म्हणून.