भोंग्यातला आवाज

ती घटना आजही आठवली की आधी स्वतःचा राग येतो, भीती नंतर वाटते.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. शहरात साहेब रोज वाढत होते, माझ्या पोलीस ठाण्यात खुर्च्या तेवढ्याच होत्या. अशा गडबडीत तात्यापारा मोहल्ल्यातली एक बाई नवरा बेपत्ता असल्याची नोंद करायला आली. नवरा सरकारी कचेरीत बाबू. एका ठेकेदाराच्या जीपमधून साइट बघायला गेला, तो परतलाच नाही. ठेकेदाराला बोलावलं तर म्हणाला, "साहब, हमने तो शाम को बस स्टैंड पर उतार दिया था." माणूस कडक इस्त्रीतला, वजनदार. मी त्याला चहा पाजला आणि दोन दिवस बस स्टँड, स्टेशन, दवाखाने पालथे घातले.

तिसऱ्या दिवशी शंकर नगरच्या एका गॅरेजमधून खबर आली. ठेकेदाराची जीप धुवायला आली होती. सीटखाली रक्त, जनावराचे केस आणि स्टीलचा डबा. गोल बाजारात भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायची आमच्याकडे रीत. डब्यावर त्या बाईचं नाव होतं. तिला ठाण्यात बोलावलं. तिने झाकण उघडलं. पोळ्या-भाजी तशीच, आंबलेली.

"डबा तर इथं हाय, साहेब. मग ते काय खाऊन राहिले असतीन?"

तोच डबा मी ठेकेदारापुढे ठेवला आणि काही न विचारता बसून राहिलो. पाच मिनिटांत तो आपणच बोलू लागला. महानदीपलीकडच्या जंगलात त्याने चोरून चितळ मारलं होतं. बाबू म्हणाला, मी तक्रार करीन. याने बंदूक रोखली. "बस, डराने के लिए, साहब." बाबू झाडीत पळाला आणि हा जीप घेऊन निघून आला.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. त्या दिवसांत अस्वलं मोहाखालीच असतात.

दुसऱ्या दिवशी जागा दाखवायला ठेकेदाराला सोबत नेलं आणि तिथे मी अक्कल पाजळली. ओळखीचा आवाज ऐकून बाबू बाहेर येईल म्हणून भोंगा ठेकेदाराच्याच हातात दिला. तो दिवसभर "बाबूजी, आ जाओ" ओरडत फिरला. नाल्याच्या कोरड्या वाळूत हातांनी उकरलेला पाण्याचा एक झिरा सापडला. कडेची वाळू अजून ओली होती, आणि तिच्यावर अस्वलाची पावलं. संपलं सगळं, असं मी मनात म्हटलं. बाईला सांगायची हिंमत झाली नाही.

सकाळी ती हट्टाने आमच्याबरोबर आली. भोंग्यातली पहिली हाक ऐकली आणि माझ्यावरच भडकली.

"याले काहून बोलायले लावून राहिले? याच्याच भीतीनं पळाले ना ते!"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मान खाली घालून मी ठेकेदाराला दूर जीपमध्ये बसवायला सांगितलं. बाई भोंगा न घेताच पुढे झाली.

"अहो, मी आली! तो नाही इथं!"

ती हाका मारत पुढे जात राहिली. मग चाळीस पावलांवर वाळका पाला करकरला. शिपायाने रायफल उचलली. मलाही अस्वलच वाटलं होतं, तरी मी नळी खाली दाबली. झुडपातून रांगत बाहेर आला तो बाबू.

पाच दिवस तो मोहफुलं आणि झिऱ्याच्या पाण्यावर जगला होता. रात्री पट्ट्याने स्वतःला फांदीला बांधायचा. खाली अस्वलं फुलं खात असायची. त्याच्या खिशात काडेपेटी निघाली, भरलेली.

"जाळ का नाही केला? अस्वल जवळ आलं नसतं," मी विचारलं.

"जाळ पाहून अस्वल पळते, साहेब. पण माणूस येते."

त्यानंतर माणूस हरवल्याची तक्रार आली की मी घरच्यांना आधी विचारायचो, तो कुणाला घाबरतो का? आमची हाक ऐकली की हरवलेल्याला धीर येतो, असं मी तोवर समजत होतो. त्या बाबूने आमची हाक दिवसभर ऐकली होती, आणि तो अस्वलांजवळच थांबला होता.