प्रीअ‍ॅम्प्लिफायरसाठी कौल

गोव्यातल्या आमच्या पार्शे गावच्या घरात दिवेलागणीनंतर तासभर गाणे ऐकण्याचा नेम आहे. देवापाशी समई लावावी, सायंसंध्या आटोपावी, आणि त्याच शुचिर्भूत हातांनी बाहेरच्या खोलीतले यंत्र सुरू करावे, असा माझा क्रम. समोर दोन स्पीकर, त्यांच्यापासून समान अंतरावर मधोमध माझी खुर्ची आणि माझ्या डाव्या हाताला पत्नीची. खुर्चीला ती अजूनही ‘कदेल’च म्हणते. गेल्या वर्षी चतुर्थी उलटली आणि ती कदेल रिकामी राहू लागली. पत्नी बाहेर सोप्यावर बसून अबोलीची फाती गुंफू लागली. कारण विचारले तेव्हा एवढेच म्हणाली, की गाणे आताशा झाकल्यासारखे येते.

तिला ऐकू कमी येते हे आम्हांला ठाऊक होते. म्हापशाच्या डॉक्टरांनी दिलेले यंत्र ती देवळात, बाजारात आणि फोनवर बोलताना कानात घालते. पण त्यातून गाणे ऐकणे म्हणजे पत्र्याच्या डब्यात कान घालणे, असे तिचे मत असल्यामुळे गाण्याच्या वेळी ते काढून ठेवते. तेव्हा उपाय कानात नव्हे, गाण्याच्या यंत्रात शोधला पाहिजे, असे मी ठरवले. चाळीस वर्षे दोघांनी मिळून ऐकलेले गाणे एकट्याने ऐकणे हे नैवेद्य दाखवून ताट तसेच उचलण्यासारखे आहे. मला ती कदेल भरलेली हवी होती.

माझ्या संचात दोन पेट्या. पहिली प्रीअ‍ॅम्प्लिफायर: ती सीडीकडून येणारा नाजूक संकेत घेते, आवाज किती ठेवायचा ते ठरवते आणि पुढे सोपवते. दुसरी पॉवर अ‍ॅम्प्लिफायर: ती त्या संकेताला स्पीकर हलवण्याइतके सामर्थ्य देते. एक बुद्धी आणि एक बळ, असे मी पाहुण्यांना सांगत असे. माझ्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरवर एकच बटण आहे, आवाजाचे. खर्ज वाढवावा, उंच पट्टीचे तीव्र स्वर उजळावेत, डावे-उजवे तोलावे, असली बटणे मी मुद्दाम टाळली होती. वाटेत जितकी बटणे तितका ध्वनी मळतो, असे जाणकार म्हणतात, आणि आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या मला ते मंत्रोच्चाराच्या शिस्तीसारखे पटले होते. गायकाने दिले त्यात कानामात्रा घालणारे आपण कोण?

आता नवी पेटी घ्यायची तर कोणती, बुद्धी की बळ? मी वहीत रीतसर पूर्वपक्ष मांडला, त्याचे खंडन केले, मग खंडनाचेही खंडन केले. दोन महिने गेले. सिद्धान्त काही हाती येईना. तेव्हा आमच्याकडे जे करतात ते मी केले. ग्रामदेवतेकडे कौल लावायला गेलो.

आमच्या देवळात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या मूर्तीला डाव्या-उजव्या अंगाला लावतात आणि देवापुढे प्रश्न ठेवतात. पडेल त्या बाजूचे उत्तर देवाचे. लग्न, विहीर, जमीन, परदेशची नोकरी, सगळे तिथे विचारले जाते. पुजारी माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि जिभेने दहा पटींनी तिखट. उजवी पाकळी पॉवर अ‍ॅम्प्लिफायरची, डावी प्रीअ‍ॅम्प्लिफायरची, असे सांगताच त्याने मला ते दोन्ही शब्द तीनदा म्हणायला लावले आणि मग गंभीर चेहऱ्याने देवाला गाऱ्हाणे घातले, की तुझ्या ह्या लेकराला गाण्याचे मशीन घ्यायचे आहे, तर काय ते एकदा सांगून टाक. दोघेही हात जोडून उभे राहिलो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. पाकळ्या गोंदाने चिकटवल्यासारख्या जागच्या जागी.

शेवटी पुजाऱ्याने विचारले, की एवढे कोणासाठी चालले आहे. मी पत्नीचे कारण सांगितले. त्याने जोडलेले हात सोडले.

“मास्तर, देवाक विचारूक आयलात, पण वयनीक विचारलांत?”

मी विचारले नव्हते. यंत्राविषयी तिला विचारावे हे मला दोन महिन्यांत एकदाही सुचले नव्हते. देवाला नमस्कार केला, प्रश्न मागे घेतला आणि घरी आलो.

ती सोप्यावरच होती. मी शेजारी बसलो आणि तिला नेमके काय ऐकू येते ते विचारले.

“आवाज ल्हान नाही हो,” ती म्हणाली. “मोठा केला की उलट कानाला लागतो. तबला येतो, पेटी येते, शब्द येत नाहीत. आणि सगळं डावीकडूनच येतं.”

“कधीपासून?”

“दोन वर्सं तरी जाली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही पूजेला बसल्यासारखं लावता. पूजेत कोण म्हणतं, की घंटा नीट वाजत नाही?”

माझ्या वहीतले सगळे वॅट ह्या एका वाक्यात विरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन म्हापसा आणि अस्नोड्यावरून डिचोलीला गेलो. तिथे एक कारागीर आहेत, मूळ बेळगावकडचे. खाणींवर वायरिंग करायला आले, खाणी थंडावल्यावर ध्वनियंत्रे दुरुस्त करू लागले, आणि आता त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पत्नीने आपली अभंगांची सीडी पिशवीतून आणली होती. कारागिरांनी प्रथम मोठा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडला. दुसऱ्याच ओळीला तिने हात वर करून थांबवले. मृदंग अंगावर आला म्हणाली. मग माझ्यासारखाच, एका बटणाचा, पण भारी प्रीअ‍ॅम्प्लिफायर जोडला. तिने नम्रपणे मान हलवली. ती मान मला आता ओळखू येऊ लागली होती. आवडले नाही, पण यजमान दुखावू नयेत.

तेव्हा कारागिरांनी कोपऱ्यातून एक जुनी, रुंद पेटी काढून पुसली. तिच्यावर खर्जाचे, तीव्र स्वरांचे आणि डाव्या-उजव्या तोलाचे अशी तिन्ही बटणे ठळकपणे मिरवत होती.

“पाच वर्सांखाली ह्याच पेटीला तुम्ही नावं ठेवून गेलाय बघा, गुरुजी,” ते म्हणाले. “तवापास्नं रुसून बसलीय.” मग पत्नीकडे वळून, “काकू, तुम्ही फिरवा की. गुरुजींना आज बसू दे गप.”

मी गप बसलो. तिने तीव्र स्वरांचे बटण हळूहळू उजवीकडे नेले. झांजा खणखणू लागल्या. माझे दात शिवशिवले. मग तोलाचे बटण उजवीकडे कलवले. अभंगाचे कडवे संपत आले होते. तिचा हात एकदम थांबला आणि ती गायकाच्या मागोमाग शब्द पुटपुटू लागली, एकही न गाळता.

कारागिरांनी मला समजावले, की वय झाले म्हणजे कान आधी उंच पट्टीचे ध्वनी सोडतो. श, स असले वर्ण पहिल्यांदा जातात आणि मग शब्दच कळेनासे होतात. हे ऊष्म वर्ण, वाफेसारखे निसटणारे. शेकडो मुलांना मी त्यांची उच्चारस्थाने शिकवली, आणि माझ्या घरात ते दोन वर्षांपूर्वी निसटून गेलेले मला कळले नव्हते. शुद्ध ध्वनी, शुद्ध ध्वनी म्हणून मी जो जपत होतो तो माझ्या कानांपुरता शुद्ध होता. मला लाज वाटायला हवी होती. पण तिचा चेहरा असा खुलला होता, की लाज वाटायला सवडच मिळाली नाही. जुनी पेटी घेतली. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आहे तोच ठेवला.

घरी जोडणी झाली त्या संध्याकाळी एक नवाच प्रश्न उभा राहिला. तोल तिच्यासाठी नीट लागायचा तर तिने मधोमध बसणे आवश्यक होते.

“तुमची जागा ती,” ती दारातच अडखळून म्हणाली.

मी तिची कदेल मध्ये सरकवली आणि माझी खुर्ची डावीकडे नेली. उजवा स्पीकर आता मोठा होता, पण मी डाव्याच्या जवळ असल्यामुळे दोन्ही मला जवळजवळ सारखेच लागले. झांजा मात्र तीक्ष्णच राहिल्या. आठवडाभर त्यांनी मला छळले. आता त्या नसतील तर चुकल्यासारखे होईल.

पहिले दोन अभंग ती डोळे मिटून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहत होतो, गाणे माझ्या कानावरून नुसतेच जात होते. तिसऱ्याच्या शेवटी तिने डोळे उघडले.

“ह्या गायकाला तुम्ही इतकी वर्सं थोर म्हणता,” ती म्हणाली, “आणि हा प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गिळतो. लावा बघू पुन्हा.”

मी उठून पुन्हा लावले. खरोखरच गिळत होता.